अजमेरची गाडी आणि मेळघाटचा वाघ

आमच्या घरात एक जुनी लोखंडी पेटी आहे. हिरवा रंग उडालेला, कडी वाकलेली. अम्मी तिला अजूनही ‘अजमेरवाली पेटी’ म्हणतात. आमच्या लहानपणी वाशिमच्या स्टेशनवरून छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज रेल्वे जायची. त्या रुळांवरून मीनाक्षी एक्सप्रेस धावायची. हैदराबादकडून यायची आणि पूर्णा, हिंगोली करत वाशिमला थांबायची. पुढे अकोला, अकोट, मग सातपुड्याचा घाट चढून खंडवा, महू, इंदूर, रतलाम, चित्तोडगड करत अजमेरला आणि तिथून जयपूरला जायची. कुठेही गाडी बदलायची गरज नव्हती. रजब महिना जवळ आला की मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांत पेट्या बाहेर निघायच्या. भाकरी, लसणाची चटणी, पाण्याची सुरई आणि मुलाबाळांसह ख्वाजा साहेबांच्या उरुसाला निघालेली माणसे, हे दृश्य आमच्या पिढीतल्या अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. कालाकुंड स्टेशनवर पानावर मिळणारा कलाकंद तर अजून जिभेवर आहे.

जियारतीबद्दल घराघरांत वेगवेगळी मते आहेत, आणि तो आजचा विषय नाही. विषय त्या गाडीच्या वाटेचा आहे. अकोटच्या पुढे ती गाडी मेळघाटच्या जंगलातून जायची. आज ती वाट बंद आहे. का बंद झाली, बंद होणे बरोबर की चूक, यावर गेली कित्येक वर्षे आपल्या भागात वाद झाला. आमच्या दस्तरख्वानावरही झाला.

मामू म्हणाले, “एका वाघासाठी हजारो माणसांची गाडी बंद केली. हा कुठला इन्साफ?” आमच्या घरातली नववीतली मुलगी लगेच बोलली, “मामू, वाघ संपला तर जंगल संपेल. विज्ञान सांगते.” मामूंनी उत्तर दिले, “विज्ञान काहीही सांगते. पन्नास-साठ वर्षे गाडी गेली, तेव्हा वाघ नव्हते का?” आवाज चढले. तेव्हा अम्मी शांतपणे म्हणाल्या, “आधी हे सांगा, त्या जंगलात जी माणसे राहत होती, त्यांना वाघासाठी उठवले म्हणतात. ती आता कुठे आहेत?”

कोणालाच उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला.

वाद नेमका कशाचा होता?

अकोला ते खंडवा हा मीटरगेज मार्ग १७६ किलोमीटरचा. त्यातले जवळपास ४० किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून, विशेषतः वान अभयारण्यातून जात. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७४ मध्ये त्याची घोषणा झाली. गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट, वान, अंबाबरवा, नरनाळा ही अभयारण्ये आणि भोवतालचे बफर क्षेत्र मिळून त्याचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर होते.

देशभर छोट्या लाईनचे रुंदीकरण सुरू झाले. आपला पूर्णा ते अकोला हा टप्पा २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि वाशिम मोठ्या लाईनवर आले. पुढच्या अकोला-खंडवा टप्प्याची छोटी गाडी जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी थांबली. रूळ उखडले आणि काम जंगलाच्या तोंडाशी येऊन अडले. जुन्याच वाटेने मोठी लाईन न्यायची की जंगलाबाहेरून वळसा घालायचा, हा प्रश्न होता.

रेल्वेच्या बाजूचे म्हणणे साधे होते. मार्ग जुना आहे, जमीन रेल्वेची आहे, आम्ही नवे काही मागत नाही. वळसा घातला तर अंतर सुमारे ३० किलोमीटरने वाढेल, खर्च वाढेल, वेळ जाईल. दक्षिणेला उत्तरेशी जोडणारा हा जवळचा मार्ग आहे. अकोट-तेल्हाऱ्याचा व्यापारी, हिंगोली-वाशिमचा प्रवासी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारा शीख भाविक, ओंकारेश्वर-उज्जैनला जाणारा हिंदू भाविक आणि अजमेरला जाणारे आपण, सगळ्यांचीच ती वाट होती.

दुसऱ्या बाजूला वन्यजीव अभ्यासक आणि पर्यावरणप्रेमी होते. मोठी लाईन एकदा जंगलाच्या गाभ्यातून गेली की ती कायमची, असे ते सांगत होते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनीही पर्यायी मार्गाची शिफारस केली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांना पत्र लिहून मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याची विनंती केली. शेवटी रेल्वेने वळशाचा मार्ग स्वीकारला. अडगाव बुद्रुक, हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा गावांच्या बाजूने तो जातो. तोपर्यंत कित्येक वर्षे निघून गेली होती.

विज्ञान काय सांगते

मामूंचा प्रश्न खोडून काढण्यासारखा नव्हता. इतकी वर्षे गाडी गेली तेव्हा काय झाले? याचे उत्तर रुळांच्या रुंदीतच आहे.

छोट्या लाईनच्या दोन रुळांमधले अंतर १ मीटर. मोठ्या लाईनचे १.६७६ मीटर. फरक मीटरभरही नाही, पण परिणाम मोठा आहे. छोटी गाडी तीव्र वळणे घेऊ शकते. धूळघाटजवळ चढ जिंकण्यासाठी रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडून वर जात, हे ज्यांनी खिडकीतून पाहिले आहे त्यांना आठवेल. मोठ्या, वेगवान गाडीला अशी वळणे चालत नाहीत. तिला सरळ वाट लागते, म्हणजे डोंगर कापणे, बोगदे, भराव, उंच पूल आणि या सगळ्यासाठी कित्येक वर्षे जंगलात यंत्रे, मजूर, रस्ते. पूर्वी दिवसातून मोजक्या गाड्या हळूहळू जात. मोठ्या लाईनवर रात्रंदिवस प्रवासी गाड्या आणि मालगाड्या धावल्या असत्या. म्हणजे ‘जुनीच वाट’ ही फक्त नकाशावर जुनी होती. जमिनीवर ती नवी वाट झाली असती.

याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात चांदा फोर्ट ते गोंदिया हा मार्ग पूर्वी छोट्या गाडीचा होता, नंतर त्याचे रुंदीकरण झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या मार्गावर वाघाचे ३ बछडे रेल्वेखाली मेले. वाघीण आपल्या पिल्लांना रूळ ओलांडायला शिकवू शकते, पण गाडीचा वेग ओळखायला शिकवू शकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. अकोट, तेल्हारा भागातला खारपाणपट्टा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. विहिरीचे पाणी खारट, पिण्यालायक नाही. तिथल्या ८४ खेडी पाणीपुरवठा योजनेचे पाणी वान धरणातून येते आणि वान नदी त्याच सातपुड्याच्या जंगलातून उतरते. झाडांची मुळे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. डोंगर उघडा पडला की माती वाहून धरणात जाते आणि धरणाचे पोट भरत जाते. म्हणजे ‘वाघ की माणूस’ हा प्रश्नच अर्धवट आहे. वाघाचे जंगल हे खाली मैदानात राहणाऱ्या माणसाचा माठ आहे.

हे सगळे विज्ञान सांगते आणि ते ऐकलेच पाहिजे. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ मध्ये ४४४. जंगल शांत ठेवले, शिकार थांबवली, तर वाघ वाढतात, हे आकडे दाखवतात.

पण विज्ञान इथे थांबते. गाडी कुठून नेली तर काय होईल, एवढे ते सांगू शकते. त्यातले आपल्याला काय अधिक प्रिय असावे, हे ते सांगत नाही. एका प्रवाशाचे दोन तास आणि एका वाघिणीची शांत दरी, यांचे वजन करणारा तराजू कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. तो तराजू आपल्या आत असतो. त्याला आपण मूल्ये म्हणतो, इमान म्हणतो, संस्कार म्हणतो. वादात दोन्ही बाजू विज्ञानाचे नाव घेतात, पण भांडण बहुतेक वेळा त्या तराजूवरून असते.

नावातही संस्कृती असते

हे समजायला मेळघाटपर्यंत जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. समृद्धी महामार्ग कारंज्याच्या त्या भागातून गेला, तेव्हा वन्यप्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून खास पूल आणि भुयारी वाटा ठेवाव्या लागल्या. काळवीट सर्वांना आवडते. त्याचा फोटो काढायला लोक लांबून येतात. पण रोही? रोह्याचा कळप हरभऱ्यात शिरला की एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. थंडीत शेतकरी मचाणावर जागल करतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने ‘वन्यप्राणी आपले मित्र’ या विषयावर निबंध लिहायचा होता. त्याने एवढेच लिहिले, की अब्बू रात्री शेतात असतात म्हणून रोही मला आवडत नाही. भाषेच्या दृष्टीने निबंध कच्चा होता, पण आम्ही त्याला गुण कमी दिले नाहीत. त्या एका वाक्यात शेतकऱ्याची सगळी बाजू होती.

हाच रोही हिंदीत नीलगाय आहे. प्राणी हरणासारखा, गायीशी त्याचे नाते दूरचे, पण नावात ‘गाय’ आहे. पिकांच्या नुकसानीमुळे बिहारमध्ये नीलगायींना मारायची परवानगी मिळाली आणि जून २०१६ मध्ये तिथे शिकारी बोलावून २०० हून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. मेनका गांधी यांनी कडाडून विरोध केला, तर पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्याच्या मागणीवरून आणि शेतकऱ्यांसाठी परवानगी दिल्याचे सांगितले. सरकार एक, माहिती एक, निष्कर्ष दोन. कारण एकाच्या तराजूत प्राण्याचा जीव जड होता, दुसऱ्याच्या तराजूत शेतकऱ्याचे पीक. आणि सामान्य लोकांच्या मनात तर नावातल्या ‘गाय’ या शब्दानेही वजन टाकले.

यातून एक गोष्ट लक्षात येते. समोरचा माणूस आपल्याला अडाणी वाटतो, विज्ञान न कळणारा वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला विज्ञान कळलेले असते. त्याला कशाची तरी भीती असते. शेतकऱ्याला पिकाची. मामूंना त्या वाटेची, जिच्यावर त्यांच्या वालिदांसोबतची एकमेव लांबची सफर झाली होती. आम्ही मामूंना बोगदे आणि बछडे समजावत बसलो होतो, आणि मामू मनात त्यांच्या वालिदांशेजारी खिडकीपाशी बसले होते. मग आमचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसे?

अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर

आता अम्मींच्या प्रश्नाकडे येऊ. जंगलातली माणसे कुठे आहेत?

मेळघाट हे कोरकू आदिवासींचे घर. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गेल्या पंचवीसेक वर्षांत अनेक गावे उठवली गेली. कुटुंबामागे १० लाख रुपयांचे पॅकेज ठरले. त्यातली बरीच गावे अकोट, तेल्हाऱ्याच्या मैदानी भागात वसवली गेली. जे लोक मोह, तेंदू, डोंगरी धान्य आणि गुरे यांवर जगत होते, ते अचानक कापूस-सोयाबीनच्या मुलखात, बाजाराच्या हिशोबात आले. काहींचे बरे झाले असेल. मुलांना शाळा जवळ आली, दवाखाना जवळ आला. पण अनेकांचे पैसे संपले, जमीन मिळाली नाही, आणि कष्टाची तक्रार ऐकायला कोणी नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसन झालेली काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली. तिथे वनविभागाच्या पथकाशी त्यांचा संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

आता तराजू पुन्हा धरा. वाघासाठी जंगल शांत हवे, म्हणून एका कोरकू म्हातारीला तिच्या घरातून, तिच्या पूर्वजांच्या जागेतून उठायला सांगितले. त्याच जंगलातून रात्रंदिवस मोठी रेल्वे न्यायची असेल, तर त्या म्हातारीला काय उत्तर द्यायचे? तिच्या चुलीचा धूर वाघाला त्रासाचा होता आणि आमच्या मालगाडीची शिट्टी नव्हती?

अम्मींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, “मग गाडी तिथून नाहीच जायला पाहिजे. गरिबाला उठवायचे आणि श्रीमंताला वाट द्यायची, हे नाही चालणार.” मामू गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, “ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नाही. आम्हाला फक्त वाघ सांगितला.”

आमच्या मते या सगळ्या वादातले सर्वांत खरे वाक्य हेच. लोकांना फक्त वाघ सांगितला गेला. इन्साफ कोणी सांगितला नाही.

आपला दीन कुठे उभा करतो?

अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण विचारतात, की इस्लाम या बाबतीत काय सांगतो? रेल्वेचा मार्ग कुठून न्यावा, याचे तयार उत्तर कुठल्याच किताबात नाही आणि ते तिथे शोधूही नये. पण प्रश्न कसा विचारावा, हे मात्र आपल्याला शिकवले गेले आहे.

सूरह रहमानमध्ये आकाश उंच केल्याच्या उल्लेखासोबतच तराजूचा, मीजानचा उल्लेख येतो आणि त्या तोलात गडबड करू नका, अशी ताकीद येते. आपण ती सूरह वारंवार ऐकतो. दुकानातल्या मापापुरता तिचा अर्थ घेतो. तो तोल जमीन, पाणी, जनावर यांच्या बाबतीतही आहे, हे विसरतो. जमीन आपल्या मालकीची नाही, अमानत आहे, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो.

हजरत मुहम्मद (स.) यांनी मदिन्याच्या भोवती एक हद्द ठरवून दिली, जिच्या आत झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही. काही कुरणे सर्वांच्या हितासाठी राखून ठेवण्याची पद्धत होती. अशा राखीव कुरणाला ‘हिमा’ म्हणत. आजच्या भाषेत ते संरक्षित क्षेत्रच म्हणायचे. म्हणजे जंगल राखणे, त्यासाठी माणसाने आपल्या सोयीला मर्यादा घालणे, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

पण त्यापुढचा प्रसंग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. हजरत उमर (रजि.) यांनी एका माणसाला हिमाची राखण करायला नेमले. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे. त्यांनी त्या राखणदाराला बजावले, की लोकांशी नरमाईने वाग आणि मजलूमाच्या बददुआला भी. ज्याच्याकडे थोडीच जनावरे आहेत, त्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्यासारख्या मालदार माणसांच्या कळपांना सवलत देऊ नकोस. कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात उभा राहील.

विचार करा. ही नावे कोणा परक्यांची नव्हती. दोघेही अत्यंत आदरणीय सहाबी होते. तरी नियम करताना उमर (रजि.) यांनी पाहिले ते एवढेच, की हे नुकसान कोण सोसू शकतो आणि कोण सोसू शकत नाही. कुरण राखले, पण कुंपण गरिबाच्या गळ्याशी आवळले नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे आजच्या प्रत्येक पर्यावरणाच्या वादाला लावता येईल अशी ही कसोटी आहे. जंगल राखायचे, हे नक्की. पण त्याची किंमत कोण मोजणार? मेळघाटात ती कोरकूने मोजली. कारंज्यात जागल करणारा शेतकरी मोजतो. रेल्वेच्या वळशात ज्यांची शेते जातील, ते तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोदचे शेतकरी मोजतील. आणि आपण? आपण मोजायचे ते ३० किलोमीटर आणि थोडा उशीर. ज्यांच्याकडे ‘खजुरीच्या बागा’ आहेत, त्यांच्या यादीत या वेळी आपण आहोत. हे मान्य करणे सोपे नसते, कारण आपल्याला स्वतःला नेहमी सोसणाऱ्यांतच मोजायची सवय असते.

वळसा हा पराभव नव्हे

जंगलाबाहेरचा मार्ग ठरल्यावर काहींना वाटले, आपण हरलो. आम्हाला तसे वाटत नाही. जुना मार्ग जंगलातून जायचा, तिथे चढणारे-उतरणारे फार थोडे. नव्या मार्गावर गावे आहेत, बाजार आहेत. ज्या मुलीला हिवरखेडहून अकोल्याच्या कॉलेजात जायचे आहे, तिच्यासाठी हा वळसा म्हणजे दारात आलेली गाडी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला-अकोट गाडी सुरू झाली, तेव्हा इतक्या वर्षांनी स्टेशनवर पुन्हा शिट्टी ऐकू आली. पुढचा टप्पा पूर्ण व्हायला वेळ लागेल. जमिनीचा मोबदला वेळेवर आणि पुरता मिळतो की नाही, याकडे आपणही लक्ष ठेवले पाहिजे. ‘आमची गाडी लवकर सुरू करा’ एवढेच निवेदन देऊन मोकळे होणे उमर (रजि.) यांच्या कसोटीला उतरणारे नाही.

हा वाद सुटायला उशीर झाला, कारण सुरुवातीला सगळे एकमेकांना आपापले सत्य ऐकवत राहिले. तिसरी वाट नकाशावर होतीच. पण ती दिसायला आधी दोन्ही बाजूंना कबूल करावे लागले, की समोरच्याचे म्हणणेही काही जपण्यासाठी आहे.

आपल्या दारातले वाद

हीच गोष्ट उद्या आपल्या मोहल्ल्यात लागणार आहे. बकरी ईदनंतर ओझडी आणि रक्त नालीत सोडू नका, असे नगरपालिकेचा माणूस सांगतो, तेव्हा आपल्यापैकी काहींना वाटते की हा कुर्बानीलाच विरोध करतो आहे. कधीकधी बोलणाऱ्याचा सूरही तसा असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण नालीतले ते पाणी शेवटी कुठल्या तरी ओढ्याला, कुठल्या तरी विहिरीला जाऊन मिळते, आणि ते पाणी कोणाचे आडनाव विचारत नाही. कुर्बानी ही आपली इबादत आहे, नाली तुंबवणे हा इबादतीचा भाग नाही. हे दोन वेगळे करून पाहता आले, तर पालिकेने सांगण्याआधी आपणच मोहल्ल्यात खड्डा आणि गाडीची व्यवस्था करू. सणाबद्दल बोलताना आपल्याला जसा सूर हवा असतो, तसाच सूर आपणही दुसऱ्यांच्या सणांबद्दल, दुसऱ्यांच्या तीर्थांबद्दल बोलताना ठेवायला हवा.

म्हणून घरात, मशिदीबाहेर, शाळेत असा विषय निघाला की आम्ही आता मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. यातले नक्की काय माहीत आहे आणि ते कोणी तपासले आहे? यात नुकसान कोणाचे होणार आणि ते सोसण्याइतके त्याच्याकडे आहे का? आणि माझ्याशी वाद घालणारा माणूस काय गमावण्याला घाबरतो आहे? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा इन्साफचा, तिसरा माणुसकीचा. तिन्हींची उत्तरे मिळाली तरी मतभेद राहतील. पण मग ते मतभेद राहतील, दुश्मनी होणार नाही.

नरनाळ्याचा किल्ला मेळघाटच्याच हद्दीत, अकोटच्या उत्तरेला आहे. तिथे हजरत बुऱ्हाणुद्दीन यांची मजार आहे. लोक त्यांना ‘बाघ सवार वली’ म्हणतात. ते वाघावर बसून फिरत, अशी या भागातल्या हिंदू-मुसलमान दोघांचीही समजूत. खरे-खोटे अल्लाह जाणे. पण ज्या लोकांनी ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांच्या मनात अल्लाहचा नेक बंदा आणि जंगलातला वाघ यांचे वैर नव्हते, एवढे नक्की.

परवा मामू पुन्हा घरी आले होते. अम्मींनी पेटी पुसून ठेवली होती. मामूंनी विचारले, “नवी गाडी कधी सुरू होणार?” आम्ही म्हणालो, “वेळ आहे.” मामू म्हणाले, “होऊ दे. पण सुरू झाली की मला खिडकीची जागा. लांबून का होईना, घाट दिसेल ना?”

दिसेल, इन्शाअल्लाह. अकोट सोडले की उजव्या हाताला सातपुड्याची निळी रांग दिसेल. तिच्या आत, जिथे पूर्वी आपली गाडी धूर सोडत चढायची, तिथे आता रान वाढते आहे.